पत्ता कुणाच्या नावावर

मी महालक्ष्म्यांच्या साड्यांचे फोटो वेबसाइटवर चढवायला बसले होते, आणि स्क्रीनवर वरच्या बाजूला एक लाल पट्टी दिसली. भाद्रपद दोन महिन्यांवर आला होता. आमचा खरा हंगाम तोच. त्या दिवसांत मला कुणी हाक मारली तर मी आधी खेकसते आणि मग ओ देते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पट्टीवरही मी खेकसलेच. जाहिरात असेल म्हणून बंद करायला गेले तर ती मेली बंदच होईना. शेवटी चष्मा शोधला आणि वाचली.

इंग्रजीत लिहिलं होतं की एकत्रीकरण आणि पुनर्रचनेमुळे आमची कंपनी काम थांबवते आहे. तेवीस दिवसांनी तुमचं डोमेन आपोआप दुसऱ्या एका कंपनीकडे जाईल. तुम्हाला काहीही करावं लागणार नाही. आणि खाली बारीक अक्षरांत, याबद्दलची पत्रं मालकाच्या इमेलवर तीन वेळा पाठवली आहेत.

तीन वेळा! मी माझी सगळी इमेल उलटीपालटी केली. कचऱ्याच्या टोपलीपर्यंत जाऊन आले. एक पत्र सापडेल तर शपथ. "काय थापा मारतात हो ही माणसं," मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या खोलीत मशिनवर बसलेल्या बायका थांबल्या.

इथं थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल एका पट्टीपायी एवढं काय. मी शिवलेल्या नऊवाऱ्या विकते, चंदेरीच्या. ग्वाल्हेरहून चंदेरी काही फार लांब नाही, आणि तिथले विणकर सांगून ठेवलं तर नऊ वार सलग विणून देतात. नेसता येत नाही म्हणून ज्या मुली रडकुंडीला येतात त्यांच्यासाठी आम्ही ती काष्ट्यासकट शिवून देतो. पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, कमरेला नाडी बांधायची, झालं. ब्राह्मणी पद्धतीची वेगळी, मराठा पद्धतीची वेगळी. भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी छोट्या, त्या तर हातोहात जातात. माधवगंजात माझ्या माहेरच्या माडीवर चार बायका शिवतात, आणि मी सासरहून, म्हणजे कंपूतून, रोज सकाळी टेंपोत बसून तिथं जाते.

आम्हाला दुकान नाही. महाराज बाड्यावर एक गाळा मिळत होता, पण मीच नको म्हटलं, कारण माझी गिऱ्हाइकं इथं लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, राहतच नाहीत. ती इंदूरला, बडोद्याला, नागपूरला, न्यू जर्सीला. इथून लग्न होऊन गेलेल्या मुली आणि त्यांच्या मुली. त्यांना मी कुठं सापडते? वेबसाइटवर. प्रत्येक साडीच्या कमरेच्या आतल्या बाजूला आम्ही बोटभर लेबल शिवतो, त्यावर फोन नंबरही नाही, फक्त वेबसाइटचा पत्ता. एका बडोद्याच्या बाईंनी लेकीच्या लग्नातली साडी अकरा वर्षांनी नातीच्या बारशाला बाहेर काढली, लेबल वाचलं आणि मला ऑर्डर दिली. असं आहे ते.

त्या पत्त्यालाच डोमेन म्हणतात. तो कायमचा विकत मिळत नाही, नोंदवून घ्यावा लागतो आणि मुदत संपली की पुन्हा नोंदवावा लागतो. ही नोंदणी करून देणाऱ्या कंपन्या असतात. आमची होती ती बंद पडत होती. नोंदणी मधल्या मधे सुटली तर पत्ता मोकळा, आणि मोकळा पत्ता जगात कुणीही उचलू शकतो. मग बडोद्याच्या बाई लेबल वाचून जातील आणि तिथं दुसराच कुणीतरी बसलेला असेल. चौदा वर्षं मी जे केलं ते त्या बोटभर लेबलावर उभं होतं, आणि ते जाऊ द्यायला मी बिलकुल तयार नव्हते.

संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो वीज खात्यात आहे. त्यानं पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "अगं, लिहिलंय ना, अपने आप हो जाएगा. तू उगाच टेन्शन घेतेस."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सासरे बसले होते. त्यांना मी बाबा म्हणते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कान तिखट, बोलणं कमी. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय, पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. 'तुम्हाला काहीही करावं लागणार नाही' यापाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"संस्थान विलीन झालं ना," ते म्हणाले, "तेव्हा आमच्या वडिलांना दरबारच्या दफ्तरात असंच पत्र आलं होतं. आपली नोकरी नव्या सरकारात आपोआप सामील होईल, आपल्याला काही करावं लागणार नाही. वडील सरळ माणूस. काही केलं नाही. जे चार जण जाऊन विचारून आले, ते लष्करातच राहिले. वडिलांना तीन महिन्यांनी माहीत पडलं की आपलं नाव लांबच्या गुना जिल्ह्याच्या यादीत आहे. तिथं जरा बस्तान बसतंय तोवर राज्याची पुनर्रचना झाली आणि ते दफ्तरच भोपाळला गेलं. 'काही करावं लागणार नाही' असं लिहून आलं की समजावं, आपल्याला न विचारता काहीतरी ठरलेलं आहे."

"बाबा, ते सरकार होतं, ही कंपनी आहे," नवरा म्हणाला.

"तू पेपर वाच," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ज्या कंपनीकडे आम्हाला आपोआप ढकलणार होते तिची चौकशी केली. फोन लावला तर यंत्र बोललं. एक दाबा, दोन दाबा, चार दाबा. पंचवीस मिनिटं मी दाबत होते, माणूस काही आला नाही. त्यांच्या अटींत असंही लिहिलं होतं की पत्ता हलल्यावर वेबसाइटच्या आणि इमेलच्या जोडण्या ज्यानं त्यानं पुन्हा कराव्यात. म्हणजे ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर वेबसाइट आडवी, आणि मी फोनवर चार दाबत बसलेली. छे! मी ठरवलं की नवी कंपनी मी निवडणार, मला हवी ती निवडणार आणि वेळेच्या आत निवडणार. तसं मला निवडता चांगलं येतं. विणकर निवडले, बायका निवडल्या, नवरा तेवढा घरच्यांनी निवडला.

आता निवडायची कशी? सगळ्यांच्या जाहिराती सारख्याच. पहिलं वर्ष जवळजवळ फुकट, हे सोबत फुकट, ते सोबत फुकट. पण आमच्या माडीवर नव्या बाईला कामावर घ्यायची एक पद्धत आहे, तीच मी इथं वापरली.

नवी बाई आली की मी तिला कधीच शिवून दाखव म्हणत नाही. शिवून सगळ्याच छान दाखवतात. मी तिच्या हातात एक शिवलेली चंदेरी देते आणि सांगते, ही काष्ट्याची शिवण उसवून दाखव. चंदेरी इतकी तलम की घाईनं दोरा ओढला की कापड फाटलंच. आणि आमच्या धंद्यात उसवणं रोजचं. मुली लग्नानंतर भरतात, बाळंतपणानंतर आणखी भरतात, सहा महिन्यांनी पुन्हा बारीक होतात, आणि साडी परत येते. जी बाई न ओढता, न चिडता, एकेक टाका कापून कापड होतं तसं माझ्या हातात देते, तिला मी त्याच दिवशी ठेवून घेते. एक मोठी नावाजलेली शिवणारीण मी या परीक्षेत नापास केली आहे. ती अजून मला मंडईत दिसली की तोंड फिरवते.

तर मी तीन कंपन्यांना फोन केले आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारला, "मी आज तुमच्याकडे आले. दोन वर्षांनी मला तुम्हाला सोडून जायचं झालं, तर तुम्ही मला कसं सोडाल?"

पहिल्या कंपनीतला मुलगा दचकलाच. "मैडम, अभी तो आप आई भी नहीं हैं!" मग त्यानं मला दोन गोष्टी फुकट देऊ केल्या. मी म्हटलं, फुकट राहू दे, सोडणार कसं ते सांग. त्यानं साहेबांना विचारून सांगतो म्हटलं, ते अजून विचारतो आहे.

दुसरीकडच्या बाई म्हणाल्या की त्यासाठी एक अर्ज असतो, तो मंजूर झाला की दुसरा अर्ज असतो. मी नमस्कार करून फोन ठेवला.

तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी एक सेकंदही न थांबता सांगितलं, "बहनजी, लॉगिन कीजिए, ताला खोलने का बटन सामने ही है. कोड वहीं दिख जाएगा. पाँच-छह दिन में आप आज़ाद. हमें फ़ोन करने की भी ज़रूरत नहीं."

"आणि कंपनी बंद झाली तर?" मी विचारलं आणि लाल पट्टीचं सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता मराठीत घसरले होते, पण त्यांना कळलं.

ते हसले. "तो मैं ख़ुद फ़ोन करके बताऊँगा. पट्टी नहीं लगाऊँगा."

झालं. निवड झाली. नवरा म्हणाला, रिव्ह्यू तरी बघ आधी. मी म्हटलं, बघितले. नव्हते बघितले. पण उसवणारा हात मला ओळखू येतो, त्यात मी आजवर फसलेले नाही.

आता एकच काम उरलं होतं. जुन्या कंपनीकडून कुलूप उघडायचा तो कोड घ्यायचा आणि नव्या कंपनीला द्यायचा. मी चहा घेऊन ऐटीत बसले, बटण दाबलं. उत्तर आलं, कोड मालकाच्या इमेलवर पाठवला आहे. मी इमेल उघडलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. सहाव्यांदा दाबल्यावर मी जुन्या कंपनीला फोन लावला. तिथं बंद होता होता एक शेवटची मुलगी उरली होती, आवाजावरून पंचविशीची असावी.

"मैडम, कोड तो जा रहा है," ती म्हणाली. "नीचे ओनर का कॉलम देखिए न."

चौदा वर्षांत मी त्या पानावर इतकं खाली कधी गेलेच नव्हते. गेले. मालक या शब्दापुढं माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माधवगंजातून कंपूपर्यंत टेंपोत मी एक शब्द बोलले नाही, आणि घरात पाऊल टाकल्यावर एक शब्द शिल्लक ठेवला नाही. कापड माझं, माप माझं, विणकराच्या दारात उन्हात उभी राहणारी मी, आणि मालक दुसराच? बाबा देवळात गेले होते, तावडीत सापडला तो नवरा. बिचारा गोंधळून गेला. "अगं, पण घरातलं सगळं बाबांच्याच नावावर असतं ना! गॅस बाबांच्या नावावर, बिजलीचं मीटर बाबांच्या नावावर. फॉर्ममधे ओनर कोण विचारलं, तर मी आणि कुणाचं नाव लिहिणार? घरातल्या घरात काय माझं-तुझं."

आणि इथं मला खरं सांगायलाच हवं. तो फॉर्म भरला तेव्हा मी बाजूलाच बसले होते. लसूण सोलत होते. त्यानं बाबांचं नाव घातलं तेव्हा 'बरं केलंस, शुभ कामात पहिलं नाव वडीलधाऱ्यांचं' असं मीच म्हटलं होतं. आमच्या इथल्या मराठी घरांत हे असंच. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून शोधून शोधून घरातला सर्वांत जुना माणूस काढतात, मग त्याला नवरा मुलगा कोण हे आठवत नसलं तरी चालेल. सातवी पिढी ग्वाल्हेरात, निम्मं बोलणं हिंदीत, पण ही रीत कुणी सोडली नाही. पुण्या-मुंबईचा माणूस असल्या फॉर्मवर सरळ आपलं नाव लिहून मोकळा झाला असता. आम्ही मान राखला आणि विसरून गेलो. आठवल्यावर मला आणखीच राग आला, कारण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना.

बाबांसाठी म्हणून नवऱ्यानं तेव्हा एक इमेलही उघडलं होतं. लाल पट्टीवाली तिन्ही पत्रं तिथं जाऊन पडली होती. त्याचा पासवर्ड नवऱ्याला आठवत नव्हता, आणि विसरल्यास कुठं विचारायचं तर घरच्या लँडलाइनवर. ती लँडलाइन कापून जमाना झाला. तिचं डबडं अजून फळीवर आहे, सासूबाईंनी विणलेल्या झाकणीसकट.

मी त्या मुलीला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, मग मालकांना व्हिडिओ कॉलवर यावं लागेल. आधार कार्ड दाखवायचं, मी विचारीन त्याला उत्तर द्यायचं, मग कोड तुमच्या इमेलवर पाठवता येईल. मी विचारलं, मालकाचं नाव बदलून माझं घालता येईल का? ती म्हणाली, येईल, पण मालक बदलला की पत्ता साठ दिवस कुठंच हलवता येत नाही, तसा नियम आहे. आणि कंपनी बंद व्हायला राहिले होते नऊ दिवस. म्हणजे बाबांच्याच नावानं हलवायचा आणि नावाचं पुढं कधीतरी बघायचं. 'पुढं कधीतरी' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. घराच्या मागच्या भिंतीचं प्लॅस्टर पुढं कधीतरी आहे.

"चालेल," मी म्हटलं. "पत्ता तर वाचू दे." तोंडानं चालेल म्हटलं. आतून मुळीच चालत नव्हतं. चौदा वर्षं 'माझं काम, माझी वेबसाइट' म्हणून मी गावभर मिरवत होते, आणि कागदावर मी कुणीच नव्हते. लाज वाटली. ती कुणाला सांगितली नाही.

बुधवारी सकाळी अकराची वेळ ठरली. बाबांना आदल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एवढंच विचारलं, "हे केव्हापासून माझ्या नावावर आहे?" नवरा म्हणाला, पहिल्यापासून. बाबा "हं" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. बुधवारी ते इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी घालून दहालाच जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसले. नवऱ्यानं रजा टाकली होती. तो लॅपटॉपच्या मागं उभा राहिला, मी बाबांच्या शेजारी खुर्ची घेतली.

"बाबा, ती विचारेल डोमेन तुमचं आहे का," नवऱ्यानं पुन्हा एकदा सांगितलं. "फक्त हो म्हणायचं. बस."

बाबा काही बोलले नाहीत. आम्ही तोच होकार धरला.

स्क्रीनवर ती मुलगी आली. मागं रिकाम्या खुर्च्या, एका भिंतीशी खोकी रचलेली. तिनं नमस्ते केलं, बाबांनी आधार कार्ड धरलं, जन्मतारीख सांगितली, सगळं कसं झकास चाललं होतं. मग तिनं विचारलं, "सर, यह डोमेन आपका है?"

"जी नहीं, बेटी," बाबा म्हणाले. "मेरी बहू का है."

माझी पाचावर धारण बसली. मुलगी टाइप करता करता थांबली. "सर, रिकॉर्ड में तो आपका नाम है."

"नाम मेरा है. काम इनका है. मुझसे पूछा नहीं गया था."

"सर, आप मना करेंगे तो मैं कोड नहीं दे पाऊँगी. मुझे यही नोट करना पड़ेगा."

नवरा लॅपटॉपच्या मागून दोन्ही हात हलवत होता. बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, "तू हात काय हलवतोयस? माश्या आहेत का?"

"बाबा!" मी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले. "अहो, हो म्हणायचं होतं! सात दिवस राहिलेत! सगळं जाईल ना!"

"म्हणजे खोटं बोलायचं होतं?" बाबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. पलीकडे ती मुलगी बघत होती, त्यांना त्याची पर्वा नव्हती. "चौदा वर्षं ही वस्तू माझ्या नावावर, आणि मला काल माहीत पडतं. तुम्ही म्हणता मान दिला. अरे, मान देताना त्या माणसाला विचारतात तरी! तेव्हा विचारलं असतंत तर तेव्हाच नको म्हटलं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचं सोड, तो माझ्यावरच गेलाय, जुनं चालवतो. पण तू? रोज माझं काम, माझं काम म्हणून घर डोक्यावर घेतेस. माझ्यापुढं बोलायला कधी घाबरली नाहीस. फॉर्म भरताना तोंड कुठं गेलं होतं तुझं?"

माझ्याकडे नेहमी उत्तर असतं, हे मी सांगायला नको. पण त्या वेळी डोळे भरून आले, आणि ते राग म्हणून आले, लाज म्हणून आले की कुणीतरी अखेर विचारलं म्हणून आले, ते आजही मला नक्की सांगता येणार नाही.

"सर," ती मुलगी हळूच म्हणाली. मराठी तिला किती कळलं देव जाणे. "एक मिनट होल्ड कीजिए." तिनं कॅमेरा बंद केला. ते एक मिनिट चांगलं दहा मिनिटांचं झालं. नवरा खाली बसला. बाबा टोपी काढून परत घालत होते. मी मनातल्या मनात सगळी लेबलं उसवत होते, एकेक.

ती परत आली तेव्हा तिच्या मागं एक साहेब उभे होते. ती म्हणाली की साठ दिवसांचा तो नियम मालकाच्या संमतीनं आधीच बाजूला ठेवता येतो, अगदी क्वचित करतात म्हणून तिला माहीत नव्हतं. जुन्या मालकांनी आत्ता, इथंच, सांगायचं की पत्ता मी सोडतो आणि ती मुदत मला नको. नव्या मालकांनी सांगायचं की मी घेते. मग नावही बदलेल आणि कोडही आजच मिळेल.

पुढं सगळं सुरळीत झालं, ते दोन ओळींत सांगण्यासारखं आहे. कोड दुपारी आला. सहाव्या दिवशी पत्ता नव्या कंपनीकडे पोचला, आणि त्या वयस्कर गृहस्थांनी फोन करून "बहनजी, आ गया" म्हणून सांगितलं. त्या भाद्रपदात साड्यांना हात पुरले नाहीत. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं, टेबलापाशी बसल्या बसल्या गेलेलं एक मिनिट.

"जी, मैं छोड़ता हूँ," बाबा सरळ बसून म्हणाले. "अपनी ख़ुशी से."

मुलीनं ते लिहून घेतलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मैडम, अब आप बताइए. यह डोमेन आपका है?"

खरं तर सोपा प्रश्न. पण माझी नजर, काय सवय असते बघा, आधी नवऱ्याकडे गेली आणि मग बाबांकडे. नवऱ्यानं मान खाली घातली होती. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

"मैडम?"

"मेरा है," मी म्हटलं. "चौदह साल से मेरा है."